देवाची सत्ता, त्याची अभिवचनं आणि आपलं ‘आधी काय’ : हाग्गयच्या दोन अध्यायांतून अभ्यास कसा करायचा

आपल्याकडं ३१ डिसेंबरच्या रात्रीची उपासना झाली की वचनाची चिठ्ठी काढायची पद्धत बऱ्याच मंडळ्यांत आहे, बेळगावात कॅम्पात म्हणा, खानापुरात म्हणा नाहीतर निपाणी-चिकोडीकडं, आणि ती चिठ्ठी मग वर्षभर बायबलात नाहीतर फ्रिजवर असते. चिठ्ठीला माझा विरोध अजिबात नाही, त्या एका ओळीनं कित्येकांना कठीण वर्षात धरून ठेवलंय. पण अभ्यास म्हणून विचाराल तर चिठ्ठीवर थांबू नका. ती ओळ कुणाला लिहिली, कधी लिहिली, तिच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे हे कळलं की तीच ओळ दसपट जड होते.

यिर्मया २९:११ घ्या, कॅलेंडरवर सगळ्यात जास्त छापलं जाणारं वचन. माझे संकल्प तुमच्या हिताचे आहेत, तुम्हाला पुढं आशा आहे, असं देव म्हणतो. आता एक ओळ मागं जा, २९:१० मध्ये लिहिलंय की बाबेलात सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर. म्हणजे यरुशलेमहून कैद करून नेलेल्या लोकांना आलेलं हे पत्र आहे, आणि जी माणसं हे पत्र ऐकत होती त्यातली बरीचशी परत जाईपर्यंत जिवंतही राहणार नव्हती. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा माणूस म्हणत होता दोन वर्षांत सगळं ठीक होईल, आणि तो खोटा संदेष्टा निघाला. म्हणून या वचनाचा आधार ‘या वर्षी माझं काम होईल’ एवढ्यापुरता नाही, देव दोन-तीन पिढ्यांचा हिशोब धरून बोलतोय आणि तरीही तो शब्द पाळतोय, असा आहे. दुःखात असलेल्या माणसाला हा आधार जास्त टिकतोय असं मी बघितलंय.

आता मूळ मुद्द्यावर येतो. देव सगळ्यावर राज्य करतो, देव शब्द देतो, आणि आपण आयुष्यात आधी काय ठेवायचं, हे तीन विषय आपण सहसा वेगवेगळे शिकतो, गूगलवर यादी काढायची, देवाच्या सार्वभौमत्वाची वीस वचनं, अभिवचनांची पन्नास वचनं, असं. त्यापेक्षा जिथं हे तिन्ही एकमेकांत गुंतलेत असा एकच भाग घ्या आणि तोच महिनाभर धरा. माझ्या मते सुरुवातीला हाग्गय सगळ्यात चांगला. बाबेलच्या कैदेतून यरुशलेमला परतलेल्या लोकांनी पडलेलं मंदिर परत बांधायचं काम अर्ध्यावर सोडलं होतं, त्यांना हाग्गय संदेष्टा बोलतोय. दोनच अध्याय, मिळून ३८ वचनं, मोठ्यानं वाचलं तर दहा मिनिटांत होतं. जुन्या करारात शेवटून तिसरं पुस्तक, जखऱ्याच्या अगोदर. बऱ्याच जणांच्या बायबलात ती पानं अजून एकमेकांना चिकटलेली असतात.

पहिल्या दिवशी काहीच करायचं नाही, फक्त वाचायचं, तेही एका बैठकीत आणि मोठ्यानं. फोनवरचं बायबल अ‍ॅप चालतंय, पण अभ्यासाला कागदावरचं बरं, कारण पेन्सिल लागणार आहे. घरात जुनं पंडिता रमाबाईंचं भाषांतर असेल (ते १९२४ साली छापून आलं) तर तेही शेजारी ठेवा. मुलं कन्नड मीडियमला असतील तर त्यांच्या हातात कन्नड सत्यवेद द्या, आपल्या भागात ही सोय आयती आहे, एकाच चटईवर दोन भाषांची बायबलं उघडतात, आणि मराठी नीट वाचता येत नाही म्हणून पोरं मागं राहत नाहीत.

दुसऱ्या वेळी वाचताना तारखा शोधा. हे पुस्तक या बाबतीत फार सोपं आहे, कारण हाग्गय प्रत्येक संदेशाची तारीख लिहून ठेवतो. पारसाच्या दारयावेश राजाचं दुसरं वर्ष, म्हणजे इ.स.पू. ५२०. पहिला संदेश सहाव्या महिन्याच्या १ तारखेला, काम सुरू झालं २४ तारखेला, दुसरा संदेश सातव्या महिन्याच्या २१ ला, आणि तिसरा नि चौथा दोन्ही नवव्या महिन्याच्या २४ ला. या तारखा वहीच्या डाव्या बाजूला एकाखाली एक लिहा आणि उजवीकडं जागा मोकळी सोडा, पुढं त्याच जागेत सगळं भरायचं आहे.

तारखांचा काय उपयोग ते सांगतो. सातव्या महिन्याची २१ तारीख म्हणजे मांडवांच्या सणाचा सातवा दिवस, लेवीय २३:३४ काढून मोजून बघा. म्हणजे सुगीचा सण चालू आहे आणि सुगी तर पहिल्या अध्यायात सांगितल्याप्रमाणे पडलेली आहे, पेरलं भरपूर आणि हाताला आलं थोडं. याच सणाच्या दिवसांत शलमोनानं पहिल्या मंदिराचं समर्पण केलं होतं (१ राजे ८:२), ते मंदिर इ.स.पू. ५८६ मध्ये पाडलं गेलं. म्हणजे ज्यांनी लहानपणी ते बघितलं होतं ते आता सत्तरीच्या पुढं. २:३ मध्ये हाग्गय त्यांनाच विचारतो, पहिलं वैभव बघितलेलं कोण आहे तुमच्यात, आणि आता हे बघून तुम्हाला काहीच नाही असं वाटतंय ना? हे सगळं डोक्यात ठेवून २:४ वाचा, धीर धरा आणि काम करा कारण मी तुमच्याबरोबर आहे. तारीख माहीत नसताना ते नुसतं छान वाक्य वाटतं.

आता पेन्सिल. ज्या वाक्यात देव स्वतः काहीतरी करतोय तिथं खाली रेघ मारा. १:११ मध्ये अवर्षण कुणी बोलावलं? देवानं. १:१४ मध्ये जरुब्बाबेल सुभेदाराचं, यहोशवा मुख्य याजकाचं आणि उरलेल्या लोकांचं मन कुणी चेतवलं? देवानं. २:६ मध्ये आकाश-पृथ्वी कोण हालवणार, २:८ मध्ये सोनं-रुपं कुणाचं, २:२२ मध्ये राज्यांची सिंहासनं कोण उलथवणार? रेघा मारून झाल्या की पान एकदा लांबून बघा. देवाच्या सार्वभौमत्वाचा धडा वेगळा शोधायची गरजच राहत नाही. पाऊस, माणसांची मनं, पैसा आणि साम्राज्यं, चारही एकाच हातात आहेत.

पण इथंच एक गोष्ट नीट बघा. १:१२ मध्ये लोकांनी ऐकलं असं लिहिलंय, आणि १:१४ मध्ये देवानं त्यांचं मन चेतवलं असं लिहिलंय. मग काम लोकांनी केलं की देवानं? बायबल दोन्ही म्हणतं आणि त्याला त्यात काही अडचण वाटत नाही. ‘सगळं देवाच्या हातात आहे मग आपण कशाला करायचं’ असं म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक घरसभेत असतोय, त्याच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा ही दोन वचनं त्यालाच मोठ्यानं वाचायला द्या.

याच्या जोडीला एज्रा ५ आणि ६ वाचायलाच पाहिजे, कारण हाग्गयच्या पुस्तकात न दिसणारी दुसरी बाजू तिथं आहे. काम सुरू झालं आणि नदीपलीकडच्या प्रांताचा सुभेदार (जरुब्बाबेल नव्हे, दुसरा) येऊन उभा राहिला, हे बांधायची परवानगी तुम्हाला कुणी दिली, बांधणाऱ्यांची नावं सांगा. मग पत्र वर राजाकडं गेलं. बाबेलच्या दप्तरात पारसाच्या कोरेश राजाचा, हे मंदिर बांधू द्या म्हणणारा जुना हुकूम शोधायला लावला, आणि तो सापडला कुठं, तर मेदी प्रांतातल्या राजवाड्यात. त्या कागदामुळं नुसती परवानगी मिळाली नाही, खर्चसुद्धा सरकारी तिजोरीतून द्या असा हुकूम निघाला (६:८). आपल्या सीमाभागातल्या माणसाला हा भाग समजावून सांगावा लागत नाही, एका जुन्या उताऱ्यासाठी तहसीलदार कचेरीच्या किती पायऱ्या चढाव्या लागतात ते आपल्याला माहीत आहे. अठरा वर्षं पडून राहिलेला कागद योग्य वेळी योग्य माणसाच्या हाताला लागतो, इथं देवाचं राज्य असं दिसतं, ना गडगडाट ना चमत्कार. नीतिसूत्रे २१:१ शेजारी लिहून ठेवा, राजाचं मन परमेश्वराच्या हातात पाटाच्या पाण्यासारखं, वळवेल तिकडं वळतं.

आता सावधगिरीची गोष्ट, आणि ही मला फार महत्त्वाची वाटते. १:११ मध्ये देव म्हणतो मी अवर्षण बोलावलं, कारण तुम्ही माझं घर सोडून आपापल्या घरामागं धावताय. हे वाचून लगेच कुणीतरी म्हणतं, म्हणजे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पूर आला तोही कुणाच्या तरी पापामुळंच. घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा तिन्ही नद्यांच्या काठच्या लोकांची घरं गेली त्या वेळी असं बोलणारे होते, आणि घर गेलेल्या माणसाला ते शब्द पाण्यापेक्षा जास्त लागले. असं लावायचं नाही. इस्राएलाशी देवाचा करार होता, आणि अनुवाद २८ मध्ये आज्ञा मोडली तर पाऊस थांबेल हे आधीच सांगितलं होतं, शिवाय इथं देवानं स्वतः संदेष्टा पाठवून कारण सांगितलं. आपल्या पुराबद्दल किंवा दुष्काळाबद्दल असा संदेश कुणाकडं नाही. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली तेव्हा येशूनं स्पष्ट सांगितलं की ती इतरांपेक्षा जास्त पापी नव्हती. योहान ९:३ पण बघा. ईयोबाच्या मित्रांचं शेवटी काय झालं तेही आठवा. देव सार्वभौम आहे म्हणजे प्रत्येक संकटाचं कारण आपल्याला कळलंय, असा त्याचा अर्थ होत नाही. गटात पुरात किंवा कर्जात सापडलेलं कुणी बसलं असेल तर हा भाग घेताना लूक १३ आधी वाचा आणि मग हाग्गय.

अभिवचनांकडं येऊया. प्रत्येक अभिवचनाला चार प्रश्न विचारा आणि उत्तरं वहीत लिहा: हे कुणाला दिलं, कधी दिलं, त्याला काही अट आहे काय, आणि पुढं बायबलात ते कुठं गेलं? शेवटचा प्रश्न आपण कधीच विचारत नाही आणि खरा आनंद तिथंच आहे.

उदाहरण म्हणून शेवटचं वचन घेऊ, २:२३. देव जरुब्बाबेलाला म्हणतो मी तुला मुद्रेच्या अंगठीसारखं करीन कारण मी तुला निवडलंय. नुसतं वाचलं तर काही कळत नाही. आता यिर्मया २२:२४ काढा. तिथं देव जरुब्बाबेलाच्या आजोबाला, यहूदाच्या राजाला, म्हणतो की तू माझ्या उजव्या हातातली मुद्रेची अंगठी असतास तरी तुला उपटून काढलं असतं. आजोबाला जे शब्द शिक्षा म्हणून ऐकवले तेच शब्द नातवाला कृपा म्हणून दिलेत! आणि पुढं? जरुब्बाबेल राजा कधीच झाला नाही, सुभेदारच राहिला. मग शब्द वाया गेला काय? मत्तयाचा पहिला अध्याय उघडा, ज्या नावांची यादी आपण नाताळात सोडून देतो ती, १:१२ मध्ये जरुब्बाबेल आहे आणि ती ओळ चालत चालत येशूपर्यंत जाते. हे तीन संदर्भ एका पानावर आणायला फार तर पाऊण तास लागतो, बोटानं पानं उलटत ते स्वतः शोधायचं, कुणाच्या संदेशात आयतं ऐकायचं नाही. २:६ चं पण तसंच, ते इब्री १२:२६ मध्ये परत येतं, तिथं वाचून बघा लेखक त्याचं काय करतो.

मग माझ्यासाठी यात काय, असं विचाराल. २ करिंथ १:२० मध्ये पौल सांगतो की देवाची सगळी अभिवचनं ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहेत. म्हणून ‘आजपासून मी आशीर्वाद देईन’ (२:१९) हे वाक्य उचलून नव्या गाडीला चिकटवायचं नाही, पण ज्या देवानं ते म्हटलं तो मला ख्रिस्तात काय देतो हे मात्र हक्कानं विचारायचं. समृद्धीचे संदेश देणारे २:८ घेऊन सोनं-रुपं मागायला लावतात. तिथं देव स्वतःच्या घराबद्दल बोलतोय, ऐकणाऱ्यांच्या खिशाबद्दल नाही, आजूबाजूची तीन वचनं वाचली की हे कुणालाही दिसतं.

२:१९ वर आमच्या गटात एकदा चांगला तास गेला. ‘बी अजून कोठारात आहे काय?’ असा प्रश्न तिथं आहे, आणि आम्ही सगळे अडकलो, म्हणजे धान्य आहे की नाही? कोपऱ्यात बसलेले एक शेतकरी काका, फारसं बोलत नाहीत, म्हणाले नववा महिना म्हणजे आपला कुठला? डिसेंबर, म्हटलं. ‘मग बी कोठारात कुठलं असतंय, पेरून झालं की ते. आमच्या शाळूसारखं. पैसा जमिनीत गेलाय आणि अजून कणीस बघायला नाही.’ झालं, सगळ्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. वेल, अंजीर, डाळिंब, जैतून, कशालाच अजून फळ नाही, कोठार मोकळं, आणि त्या दिवशी देव म्हणतो आजपासून. शेतात दाखवायला काही नसताना दिलेला शब्द आहे तो. कुठल्याही टीकाग्रंथाशिवाय काकांनी तो उलगडला, म्हणून म्हणतो गटात सगळ्या प्रकारची माणसं पाहिजेत, नुसती चांगलं बोलणारी नकोत.

राहिलं ‘आधी काय’. लोक म्हणत होते अजून वेळ आली नाही (१:२). देव विचारतो, तुम्हाला स्वतःच्या फळ्या मढवलेल्या घरांत राहायला वेळ आहे काय? लक्षात घ्या, घर बांधणं पाप आहे असं तो कुठंच म्हणत नाही. मंदिराचा पाया घालून साधारण सोळा वर्षं झाली होती, अडवणूक खरीच झाली होती, पण नंतर ती अडवणूक सवय बनली. ‘आपल्या मार्गाचा विचार करा’ हे पहिल्या अध्यायात दोनदा येतं, १:५ आणि १:७. मधल्या १:६ मध्ये भोक पडलेल्या पिशवीत मजुरी टाकणारा माणूस आहे. हे वचन वाचून झाल्यावर पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकानं वहीत स्वतःची पिशवी लिहायची. कारखान्याचं बिल आलं आणि कुठं गेलं, सुट्टीचा दिवस कुठं जातो, पोरांची ट्यूशन चुकली तर आपण किती अस्वस्थ होतो आणि घरातली प्रार्थना महिनाभर चुकली तर किती. हे मोठ्यानं वाचून दाखवायची सक्ती अजिबात करू नका.

आणि मग १:८, डोंगरावर जा, लाकूड आणा, घर बांधा. किती साधं सांगितलंय बघा. म्हणून वहीत ‘मी देवाला प्रथम स्थान देईन’ असलं काही लिहू नका, त्यातून काही होत नाही. ‘बुधवारी रात्री साडेआठला टीव्ही बंद, आम्ही चौघं एक स्तोत्र वाचणार’ असं लिहा. ‘शेजारच्या मावशीचं ऑपरेशन आहे, शनिवारी डबा मी देणार’ असं लिहा. त्यांनी २३ दिवसांत काम सुरू केलं, तेव्हा आपणही तीन आठवड्यांच्या आतली तारीख टाकायची. मत्तय ६:३३ या वेळी वाचा, पण २५ पासून वाचा, म्हणजे कळेल की येशू ते काय खावं नि काय नेसावं या काळजीत असलेल्या माणसांना सांगतोय, पोट भरलेल्यांना नाही.

एक गोष्ट पाळकसाहेबांना आणि कमिटीलाही सांगावीशी वाटते, हाग्गय घेऊन इमारत फंडासाठी लोकांवर दबाव आणू नका. मंदिर म्हणजे आजची चर्चची बिल्डिंग, असं सरळ लावता येत नाही. योहान २:१९-२१ मध्ये येशू स्वतःच्या शरीराला मंदिर म्हणतो, १ करिंथ ३:१६ मध्ये मंडळी मंदिर आहे. बिल्डिंगसाठी द्यावं, जरूर द्यावं, पण मंडळीतली विधवा उपाशी असताना टाइल्स बदलल्या तर हाग्गय कुणाच्या बाजूनं बोलेल याचा विचार करा.

गट पाच-सहा जणांचा ठेवा, दहाच्या वर गेला की दोघंच बोलतात. एक तास पुरे. वाचन फिरतं ठेवा, आजीला हळू वाचायचं असेल तर वाचू दे, ती बोट ठेवून वाचते तेव्हाच आपल्याला शब्द दिसतात. करंट गेला तर फोनच्या उजेडात एकजण वाचेल, बाकीच्यांनी ऐकायचं, मूळ ऐकणाऱ्यांनीही कानांनीच ऐकलं होतं. उत्तर येत नसेल तर प्रश्न वहीत लिहून पुढच्या आठवड्याला न्या, ओढूनताणून अर्थ काढू नका. २:११-१४ मधला याजकांना विचारलेला प्रश्न तसा आहे, पवित्र मांस बांधलेला पदर लागून दुसरं काही पवित्र होत नाही, पण विटाळ मात्र लागतो, यावर दोन आठवडे जाऊ शकतात, जाऊ देत.

शेवटची पंधरा मिनिटं प्रार्थनेला, आणि प्रार्थना वाचलेल्या भागातूनच करा. दानीएलानं काय केलं ते ९:२-३ मध्ये बघा, यिर्मयाचं सत्तर वर्षांचं वचन वाचलं, देव शब्द पाळणार हे माहीत होतं, तरी गोणपाट नेसून उपास करून प्रार्थनेला बसला. देवानं ठरवलंय म्हणून गप्प बसला नाही, देवानं ठरवलंय म्हणूनच मागायला बसला.

हाग्गय झाला की जखऱ्याचे पहिले आठ अध्याय घ्या, तो त्याच वर्षी आठव्या महिन्यात, हाग्गयच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या संदेशाच्या मध्ये बोलायला लागला, म्हणजे तुमच्या वहीतल्या तारखांच्या यादीत त्याची जागा तयार आहे. त्यानंतर योसेफाची गोष्ट, उत्पत्ती ३७ पासून ५० पर्यंत, ती पावसाळ्यात घ्या, तेव्हा लोक घरात असतात आणि चौदा अध्याय निवांत होतात.